पॅसेजला गडद टेराकोटा

सासऱ्यांना कमी दिसतंय हे सुनेच्या लक्षात आलं ते बाथरूमच्या दारापाशी. पॅसेजची भिंत पांढरी, दार पांढरं, चौकटही पांढरीच. आयुष्यभर टेलरिंग केलेला, एका फटक्यात सुईत दोरा ओवणारा माणूस भिंत चाचपत कडी शोधत होता.

"बाबा, दिसत नाहीये का?"

"दिसतंय की. मला कसली घाई आहे?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "हिला सांगू नकोस हं. उगाच हाय खाईल."

सुनेनं शब्द दिला, पण त्यांच्यावर नजर ठेवली. हॉलमधल्या काळपट कपाटाशी ते न चुकता जात. चुकत ते फक्त पांढऱ्यावर पांढरं असेल तिथे. रविवारी ती रंगाच्या दुकानातून शेडकार्ड घेऊन आली आणि पॅसेजसाठी आणि हॉलच्या एका भिंतीसाठी गडद टेराकोटा ठरवून मोकळी झाली. दारं, चौकटी, बटणं मात्र पांढरीच ठेवायची.

"घर आहे की वीटभट्टी?" सासूबाई कडाडल्या.

"जरा फिका घेऊ या का?" नवऱ्यानं मध्ये तोंड घातलं.

"फिका नको. गडदच."

पेंटरनंही मान हलवली. "ताई, एवढ्याशा पॅसेजला हा रंग म्हणजे बोगदा होईल. शिवाय तीन हात मारावे लागतील."

"मारा."

पहिला हात वाळला तेव्हा भिंत खपली धरलेल्या जखमेसारखी दिसत होती. सासूबाईंनी सुनेशी बोलणंच टाकलं. स्वयंपाकघरात भांडी मात्र जरा जास्तच वाजत होती.

तिसरा हात झाला, पेंटर आवरून गेला. त्या दुपारी सासूबाई बहिणीला फोनवर सांगत होत्या, "हौस बघ कशी असते एकेकीची! आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांना त्रास, पण हिचा हट्ट."

सासरे खोलीतून बाहेर आले. पॅसेजमधून सरळ चालत गेले, बाथरूमच्या कडीवर नेमका हात ठेवला, दार उघडलं, लावलं. परत येऊन त्यांनी हॉलचा दिवा लावला. कुठेही चाचपडले नाहीत.

"फोन ठेव आधी," ते म्हणाले. "हौस तिची नाही. सहा महिने झाले, मला नीट दिसत नाही. मीच तिला गप्प बसवलं होतं."

सासूबाईंनी फोन ठेवला.

"सहा महिने? आणि मी काय मेले होते?" त्यांचा आवाज चिरकला. मग त्या सुनेकडे वळल्या. "आणि तू! एवढं सगळं ऐकून घेतलंस, एका शब्दानं बोलली नाहीस?"

"बाबांना शब्द दिला होता."

"मोठी आली शब्दाची!" असं म्हणत त्यांनी पदरानं डोळे टिपले.

दुसऱ्या दिवशी तिघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. गेलेली नजर परत येणार नव्हती, उरलेली औषधांनी जपता येईल, असं डॉक्टर म्हणाले. सासरे परतताना बरंच मोकळेपणानं बोलत होते.

सासूबाईंना तो रंग काही आवडला नाही. तसं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतही. पण आठवड्याभरात पेंटरला फोन त्यांनीच केला.

"गॅलरीची पायरी राहिलीये. फरशीत मिसळून जाते, यांचा पाय अडखळतो. तिलाही तोच रंग द्या. आणि हो, फिका चालणार नाही."