सहापैकी पहिला

गुंडाळी सोडवून चित्रकारांनी चित्रकथेच्या मुखपृष्ठाचं प्रूफ टेबलावर पसरलं, कोपऱ्यांवर शाईच्या बाटल्या ठेवल्या आणि रंग तपासायला भिंग उचललं. सायकल हवी तशी लाल उतरली होती. सायकलवर बिट्टी होती. नऊ वर्षांची, पुढचा दात पडलेली, गेली पंचवीस वर्षं दर महिन्याला एक नवं रहस्य उलगडणारी. भिंग सरकत वरच्या कोपऱ्यात गेलं आणि तिथंच थबकलं. जिथं अंकाचा चालू क्रमांक असायचा, तिथं छापलं होतं : ‘सहापैकी पहिला’.

आधी त्यांना हसू आलं. छापखान्यात कुणाला तरी डुलकी लागली असणार. चित्र काढून दिलं की त्यांचं काम संपे. नाव आणि क्रमांक कचेरीत चढत. पण प्रूफवर संपादकांची सही होती, आणि त्या सहीतलं पहिलं अक्षर त्यांनीच कधीकाळी हात धरून गिरवून घेतलं होतं.

संपादक म्हणजे त्यांची मुलगी. खरी बिट्टी तीच. लहानपणी तिलाच समोर बसवून त्यांनी तो चेहरा काढला, चित्रकथा चालली आणि घर तिच्यावर उभं राहिलं. कचेरीत तिला सगळे ‘बाई’ म्हणत. बापाच्या तोंडी मात्र ती अजून बिट्टीच.

प्रूफ बगलेत मारून ते तडक कचेरीत गेले.

“कोपऱ्यात घोळ झालाय बघ,” ते म्हणाले.

“घोळ नाही, बाबा. बसा ना.”

“म्हणजे?”

“बिट्टी संपतेय. हे सहा अंक, बस. दुकानदारांना कळवून झालंय.”

चित्रकार बसले. टेबलापलीकडचं माणूस काय बोललं ते कानांत शिरलं होतं, पण डोक्यात उतरायला तयार नव्हतं.

“खप पडला का?”

“उलट वाढलाय.”

“मग चालत्या गाडीला खीळ कशाला? आणि मला विचारावंसं नाही वाटलं?”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात.”

ते अगदी खरं होतं, म्हणूनच त्यांचा संताप आणखी चढला. परक्यानं केसानं गळा कापला तर माणूस निदान शिव्या तरी घालतो. पोटच्या पोरीला काय म्हणायचं?

“चालू मालिकेत काही बदलताच येत नाही, बाबा,” ती सावकाश म्हणाली. “आभाळ कोसळू दे, शेवटच्या पानावर ही आपली होती तश्शी. पुढचा अंक निघायला हवा ना! सहाच अंक म्हटले की तिला वाढता येईल. पहिल्यात नऊ वर्षांची, सहाव्यात माझ्याएवढी.”

“तुझ्याएवढी बिट्टी कोण वाचणार?”

“मी वाचेन.”

“जमायचं नाही,” त्यांनी तिचाच एक कोरा कागद ओढला. “तो चेहरा मोठा होतच नाही. आत्ता दाखवतो. हलू नकोस.”

खरं तर हे त्यांच्या धंद्याच्या नियमाविरुद्ध होतं. त्यांच्या टेबलावर वर्षानुवर्षं एक नमुन्याचा कागद टाचलेला होता. त्यावर बिट्टी समोरून, बाजूनं, हसताना, रडताना. चेहरा काढायचा तो त्या कागदावरून, माणसावरून कधीच नाही. माणूस आज सुकतं, उद्या सुटतं. वाचकाला दर महिन्याला तीच बिट्टी लागते. हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला त्यांनी हे बजावून सांगितलं होतं. आता तर कागदाकडेही बघावं लागत नसे.

पेन्सिल चालली आणि कागदावर गोल गाल, मोठाले डोळे उमटले. नऊ वर्षांची. त्यांनी ते खोडलं. पुन्हा काढलं, पुन्हा तीच. हात ऐकेना. शेवटी नाइलाजानं त्यांनी मान वर केली आणि समोर बघितलं.

समोर एक बाई बसली होती. कपाळ रुंद, भांगाशी पांढरे केस, डोळ्यांखाली दमणूक. ही बसमध्ये शेजारी येऊन बसली असती तर आपण ओळखलं असतं का, असं त्यांच्या मनात आलं. हिच्याबरोबर तर ते रोज जेवत होते.

ते पुढे वाकले.

“हनुवटीवर काय लागलंय? शाई?”

“व्रण आहे तो.”

“कधीचा?”

“शाळेत होते तेव्हाचा. जिन्यावरून पडले होते. टाके घातले होते की.”

“आणि मी? मी कुठं होतो?”

“घरीच होतात,” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. “रुमाल धरून मी तुमच्या टेबलापाशी आले होते. तुम्ही म्हणालात, एवढा अंक जाऊ दे, मग बघतो.”

हातातली पेन्सिल त्यांनी खाली ठेवली.

“मग?”

“मग पुढचा अंक आला.”