उसातली पिल्लं

सणसरच्या वरच्या अंगाला साहेबरावांचा माळ होता. बाभळी, बोरी आणि गुडघाभर गवत. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी डोझर लावून सगळा साफ केला, पाइपलाइन आणली, ऊस लावला. पहिलाच ऊस डोक्याच्या वर गेला.

"आता कसं रान वाटतंय," त्यांची बायको ताईबाई म्हणाली.

हिवाळ्यात तोड सुरू झाली. निम्मा ऊस तुटला आणि कोयतेवाले एकदम मागं सरले. पाचटात मातकट रंगाची पिल्लं एकमेकांवर पडली होती.

"कुत्र्याची हायती," साहेबराव म्हणाले.

"न्हाय तात्या, लांडग्याची," मुकादम म्हणाला. "आय हितंच कुठंतरी असंल."

लांडगा आणि उसात? कुणी म्हणालं, मारून टाका. कुणी म्हणालं, वनखात्याला कळवा.

"आवं, तिनं जावं कुठं मग?" ताईबाई म्हणाली. "झाडी तर आपणच काढली."

साहेबरावांनी पिल्लांभोवतीच्या उसाच्या तेवढ्या सऱ्या उभ्या ठेवायला सांगितल्या आणि सगळ्यांना घरी धाडलं. सकाळी पिल्लं नव्हती. ओल्या मातीत मोठे पाय उमटले होते. लांडगीण येऊन घेऊन गेली, म्हणून दोघांनाही हलकं वाटलं.

पण त्याच आठवड्यात शेजारचा मेंढपाळ गेणू आला. हातात फाडलेलं कोकरू होतं.

"तात्या, लांडग्याची पिल्लं गावली, तर सोडली म्हणं तुमी?"

"तिनं नेली रं. मी फक्त ऊस राखला."

"आन् ती माझ्या वाघरंत शिरली." वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. "पयली माळावर हरणं, ससं तरी हुतं तिला."

"मग मी काय करायला पायजे हुतं? मारायची हुती का?"

गेणूनं कोकरू खाली ठेवलं. "ते बी म्हणवत न्हाय."

ताईबाईनं चहा आणला. तो तसाच निवला. शेवटी साहेबराव कुदळ घेऊन उठले, आणि दोघं कोकरू पुरायला बांधावर गेले.

खणता खणता साहेबरावांनी विचारलं, "माझं चुकलं का, गेणू?"

"मला नका इचारू. वाघरीच्या मेखांसाठी मी बी बाभळीच तोडल्यात की."

मग दोघांनी माती लोटली, वर धोंडे ठेवले, आणि गेणू मेंढरांकडं निघून गेला.