व्हिलारेची वाट आणि चौदा किलोमीटर

तुम्ही खोटं लिहिलंत. सही करून, शिक्का मारून, तारीख घालून खोटं लिहिलंत. ‘व्हिलारे वस्ती ते साँ-फ्लाव्ही गाव ही पायवाट बरीच वर्षं कोणाच्याही वापरात नाही, सबब ती विकण्यास हरकत नसावी.’ हे तुमचं वाक्य. मी ते इतक्यांदा वाचलंय की आता कांदा चिरतानाही कानात वाजतं. तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, आणि बाकीच्यांना कळून उपयोग नाही. उद्या चौकशी अधिकाऱ्याच्या त्या खुर्चीत दुसरा बसेल आणि तोही हेच लिहील.

मी चौदाव्या वर्षी शाळा सोडली आणि त्रुआ शहरात मोज्यांच्या कारखान्यात छत्तीस वर्षं काढली. मोजा कुठे उसवणार हे मला हात लावताच कळतं. तुमचा अहवाल पहिल्याच ओळीत उसवलाय.

माझा जन्म व्हिलारेचा. डोंगरावर पाच घरं, खाली साँ-फ्लाव्ही गाव, मध्ये अडीच किलोमीटरची पायवाट. आठ वर्षं मी तिच्यावरून शाळेत गेले. आता वर एकच माणूस राहतो, माझा चुलतभाऊ लेओंस, वय त्र्याहत्तर. डॉक्टरांनी डोळे तपासून ‘गाडी चालवू नका’ म्हटल्यावर त्यानं दुसऱ्याच दिवशी गाडी विकून टाकली, कोणी मागे न लागता. असा माणूस आहे. दर मंगळवारी तो पायवाटेनं खाली उतरायचा, आठवड्याचा पाव घ्यायचा, तंबाखू घ्यायचा, न्हाव्याशी पत्त्यांचे दोन डाव हरायचा आणि परत चढायचा. डांबरी रस्त्यानं तेच गाव अकरा किलोमीटर पडतं. तुमच्या ‘कोणाच्याही’मध्ये लेओंस कसा काय बसला नाही, ते मला कळलेलं नाही.

आता आम्ही यात कसे आलो ते ऐका.

माझा नवरा रेजिस. एकतीस वर्षं त्रुआमध्ये बस चालवली आणि या वसंतात निवृत्त झाला. मी म्हटलं, आता व्हिलारेला जाऊ. तो म्हणाला, गाडी किती वाजताची? मी म्हटलं, पायी. तो बसलेलाच होता, तरी आणखी खाली बसला.

“पायी? जोझेत, लोकांना पायी चालावं लागू नये म्हणून मी एकतीस वर्षं नोकरी केली.”

“म्हणूनच पोट असं झालंय.”

“पोट तुझ्या स्वयंपाकानं झालंय. तक्रार असेल तर आत जाऊन चुलीकडे कर.”

आला मात्र. मे महिन्याच्या दहा तारखेला आम्ही घराला कुलूप लावलं आणि दक्षिणेकडे तोंड केलं. त्रुआपासून आलिए नदीपर्यंत, मग नदीच्या कडेकडेनं वर. झाडांवर, खांबांवर, दगडांवर पायी जाणाऱ्यांसाठी रंगवलेले लाल-पांढरे पट्टे बघत जायचं. पहिल्या दिवशी रेजिस दर पाचशे पावलांवर थांबायचा. काय झालं विचारलं तर म्हणे, पाय आपोआप थांबतात, सवय आहे. परत निघताना मान वळवून मागे बघायचा, कोणी चढायचं राहिलंय का. गाव आलं की मोठ्यानं नाव घोषित करायचा, आणि कुंपणाआडच्या म्हाताऱ्या बायका दचकून वर बघायच्या.

मोज्यांवर मोजे घालू नकोस, हे मी त्याला निघायच्या आधीच सांगितलं होतं. त्यानं दोन जोड चढवले. छत्तीस वर्षं मोज्यांत घालवलेल्या बाईला तो म्हणाला, “तुम्ही विकायचे बनवता, चालायचे नाही.” मी वाद घातला नाही. टाच स्वतःच उत्तर देते.

मुक्कामाच्या सामायिक खोल्यांत तो घोरायचा. एका सकाळी नव्हेरच्या अलीकडे एका बेल्जियन मास्तरानं लालबुंद डोळ्यांनी मला विचारलं, “मादाम, तो कोपऱ्यातला गृहस्थ तुमच्याबरोबर आहे का?” मी म्हटलं, वाटेत भेट झाली. रेजिसनं ते ऐकलं. दिवसभर तो माझ्याशी ‘मादाम’ म्हणून बोलला, माझ्यासाठी फाटकं उघडून धरली आणि ‘कुठल्या बाजूच्या आपण?’ असं विचारलं. चाळिशीला आलेल्या लग्नात अशी मर्यादा परत मिळाली तर बाईनं नाही म्हणू नये.

चोविसाव्या दिवशी, सोमवारी संध्याकाळी, आम्ही ब्रिऊदला पोचलो. मसुराच्या डाळीची थाळी समोर आली आणि लेओंसचा फोन आला.

“जोझेत, वाट विकताहेत.”

“कोणती?”

“आपली. दुसरी कोणती आहे आपल्याकडे?”

वाटेच्या खालच्या टोकाला ज्यांनी सुट्टीचं घर बांधलंय त्यांना तिच्या दोन्ही बाजूंची जमीन सलग हवी आहे. गावच्या कचेरीत हरकतींची नोंदवही ठेवलीय, शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. लेओंस जाऊन लिहून आला होता. आणि तिथे तुम्ही त्याला काय म्हणालात, आठवतंय? त्यानं मला शब्द न शब्द सांगितलं.

“साहेब म्हणाले, मस्यू, तुम्ही एकटे. एकटा माणूस म्हणजे जनता नव्हे.”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हटलं, जनता त्रुआहून निघालीय. जावयाचे पाय दुखताहेत म्हणून उशीर होतोय.”

रेजिसनं नकाशा डाळीच्या थाळीशेजारी पसरला. पंच्याऐंशी किलोमीटर. आम्ही दिवसाला सतरा चालत होतो.

“बस आहे,” तो म्हणाला. त्याला सगळीकडच्या बसच्या वेळा माहीत असतात, कसं ते विचारू नका.

“बस नाही.”

“अगं, चालायचं त्या अडीच किलोमीटरवर. बाकीच्याशी साहेबाला काय करायचंय?”

“बसनं जाऊन ‘आम्ही चालणारे’ म्हणून लिहायचं? मी नाही.”

त्यानं नकाशाची घडी घातली. नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. चिडला की तो असाच घड्या घालतो. मग म्हणाला, “बरं. पण वाट तुझ्या हट्टापायी गेली, हे लेओंसला तू सांगायचंस. मी नाही सांगणार.”

त्या वाक्यावर मी मंगळवारी सव्वीस किलोमीटर चालले. रागानं पाय चांगले उचलले जातात. बुधवारी दुपारपर्यंत आणखी पंधरा झाले. लांजाकच्या पुढे एका फाट्यावर रेजिस थांबला आणि बूट काढला. दोन्ही जोडांतून रक्त वर आलं होतं. फाट्यावर बसचा थांबा होता, लाकडी बाक होता. तो बाकावर बसला. एकतीस वर्षांत त्याला थांब्यावर बसची वाट बघताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगते, बिचारा शाळेत घ्यायला कोणी न आलेल्या मुलासारखा दिसत होता.

बस आली. मी आधी चढले.

चौदा किलोमीटर. तो चालकाच्या मागच्याच सीटवर बसला आणि प्रत्येक वळणावर उजवा पाय दाबत राहिला, जखमेसकट. बस चालवणारी मुलगी तिशीची असेल. तिनं आरशातून बघितलं.

“काका, तुम्हीपण बस चालवायचात ना?”

“नाही. मी पायी प्रवास करतोय.”

मुलगी इतकी हसली की त्यानं तिला समोर बघायला सांगितलं.

उरलेलं आम्ही चाललो. रेजिसनं एकच जोड घातला होता, माझ्या हातचा. त्यावर मी काही बोलले नाही, आणि मी बोलत नाहीये हे त्याला चांगलंच कळत होतं. गुरुवारचा मुक्काम व्हिलारेच्या अलीकडे पडला. शुक्रवारी सकाळी नऊला आम्ही वर पोचलो. लेओंस दारात उभा, अंगात मयताला जातानाचा कोट.

“कोण गेलं?” रेजिसनं विचारलं.

“अजून कोणी नाही. बारापर्यंत बघू.”

तिघं निघालो. वाट आहे तशीच आहे. दोन्हीकडे दगड रचलेली भिंत, चेस्टनटची झाडं, मधोमध तुडवून गुळगुळीत झालेला पट्टा. हा पट्टा कोणी तुडवला असेल, साहेब? कोल्ह्यांनी? अर्ध्यावर गुरांच्या कुंपणाला असते तसली विजेची तार आडवी लावलेली होती. विक्री व्हायची होती, नोंदवही उघडी होती, आणि तार लागलेली होती. लेओंस कोटाची टोकं धरून मांजरासारखा खालून गेला. मी गेले. रेजिस वाकला, पण पाठीवरच्या पिशवीचं लोखंडी बक्कल तारेला लागलं आणि माझ्या आजानं ऐकली असती तर हसला असता अशी शिवी देऊन तो पलीकडे पडला.

लेओंस शांतपणे म्हणाला, “जनतेला झटका बसला.”

अकराला दहा कमी असताना कचेरीत पोचलो. मादाम व्हिदाल तिथली कारकून, चांगली बाई आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तिनं नोंदवही पुढे केली. पहिल्या पानावर लेओंसची एक ओळ: ‘मी चालतो.’ बाकी कोरं. रेजिसनं खाली लिहिलं, ‘मीही चाललो. पाय दाखवायला तयार आहे.’ मग मी पेन घेतलं आणि चार पानं लिहिली. शाळेची आठ वर्षं लिहिली, लेओंसचे डोळे लिहिले, तार लिहिली. आम्ही त्रुआहून कसे आलो तेही लिहायला घेतलं. रेजिस खांद्यावरून वाचत होता.

“बसचं लिहू नकोस.”

“का?”

“विचारलं कोणी?”

“खरं लिहायचं तर सगळं लिहायचं.”

“जोझेत, मागितल्याशिवाय तिकीट दाखवू नये. तपासनीस कसे असतात ते मी बघितलंय.”

मी लिहिलं. फाट्याचं नाव, चौदा किलोमीटर, कारण: नवऱ्याची टाच. बारा वाजले. मादाम व्हिदालनं शिक्का मारला आणि आम्हाला हसून दार उघडून दिलं.

सात आठवड्यांनी तुमचा अहवाल आला. रेजिसनं तो मोठ्यानं वाचला. ‘नोंदवहीत एकूण तीन हरकती प्राप्त. एक वस्तीवरील रहिवाशाची, ज्यात त्याचा वैयक्तिक हितसंबंध आहे. उर्वरित दोन परगावच्या एका दांपत्याच्या. परंतु प्रवासात सार्वजनिक वाहनाचा वापर केल्याचे सदर महिलेने स्वतःच कबूल केल्याने त्यांचा पादचारी म्हणून विचार करता येत नाही.’

तो फाटा दुसऱ्या जिल्ह्यात आहे. तुमच्या वाटेपासून चव्वेचाळीस किलोमीटरवर. तुम्ही माझी चार पानं वाचलीत, त्यातून शाळेची वर्षं घेतली नाहीत, डोळे घेतले नाहीत, तार घेतली नाही. चौदा किलोमीटर घेतलेत. मी ते लिहिलं नसतं तर तुम्हाला कधीच कळलं नसतं. आणि तरीही पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा लिहीन, हे आधीच सांगून ठेवते.

‘मी सांगितलं होतं’ असं रेजिस म्हणेल म्हणून मी तयारीत होते. म्हणाला नाही. कॉफी करून दिली. दुसऱ्या दिवशी भांडी पुसताना फक्त पुटपुटला, “तपासनीस,” आणि ताट कपाटात ठेवलं.

सप्टेंबरात वाटेवर फाटक लागलं, कुलूप लागलं. लेओंस आता डांबरी रस्त्यानं जातो. अकरा किलोमीटर जाताना, अकरा येताना. गेल्या मंगळवारी वळणावर लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक त्याला घासून गेला. पिशवी चरात, पाव चिखलात. त्यानं फोनवर हसत सांगितलं, की पावानं त्याच्यापेक्षा लांब उडी मारली. मी हसले नाही. रेजिसही हसला नाही. त्यानं फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, वळण डावीकडचं की उजवीकडचं, कडा कुठल्या बाजूला, किती वाजता, ऊन कुठून. सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाला, “तिथे चालवणाऱ्याला माणूस दिसत नाही. मी असतो तरी मला दिसला नसता.”

एकतीस वर्षं बस चालवलेला माणूस हे म्हणतो.

म्हणून आता आमचं सोडा. आम्ही जनता नाही, पादचारी नाही, मान्य. परगावचे आहोत, बसमध्ये बसलो, मान्य. ‘आपले पत्र मिळाले’ असलं काही मला पाठवू नका, ‘विचाराधीन’ पाठवू नका. फक्त एकच सांगा. फाटकाला कुलूप आहे, रस्त्यावर तो दिसत नाही, आणि पाव खालीच मिळतो. येत्या मंगळवारी लेओंसनं कुठून चालायचं? लिहून कळवा, आणि खाली तुमची सही करा.