सरांचा ठरलेला रस्ता

माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पाटीवर लिहिलंय, ‘आत्मविश्वासाने गाडी चालवा.’ ही पाटी लिहून घेणाऱ्या माणसाची, म्हणजे माझी, पुढच्या पेट्रोल पंपापलीकडे जायची हिंमत नव्हती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्यातही कोरडे राहू की नाही, याचीच धास्ती.

ओटीपोटात कुणीतरी कायम चिमटा काढत बसलेलं असायचं. लघवीला जाऊन आलं की घटकाभर सुटका, मग पुन्हा तेच. तपासण्या केल्या. डॉक्टर म्हणाले, जंतू नाहीत. मला वाईटच वाटलं. असते तर निदान त्यांच्या नावाने बोटं मोडता आली असती.

मग मी दुखणं अंगावर काढलं आणि जगाला सांगितलं, क्लास जोरात चाललेत. लेक चार तासांच्या अंतरावर राहते. तिला बाळ झालं, ते पालथं पडायला लागलं, रांगायला लागलं; आजोबांना मात्र सवड नव्हती. बायको एकटीच जाऊन यायची. फोनवर लेक दर वेळी थोडं कमी बोलायची, आणि मीही कारण विचारायचो नाही.

अशात माझी एक विद्यार्थिनी लायसन्सच्या परीक्षेत नापास झाली. बाई इस्पितळात फिजिओथेरपिस्ट.

“सर, परीक्षकांनी गाडी पुलावर घ्यायला सांगितली. चढावर मागे आली. तुम्ही मला कधी पुलावर नेलंच नाही.”

“पुलावर गर्दी असते.”

“पेट्रोल पंप, वाचनालय, दवाखाना, परत पेट्रोल पंप. प्रत्येक ठिकाणी मी गाडी लावायची आणि तुम्ही ‘आलोच’ म्हणून आत जायचं. पार्किंगमध्ये मला पैकीच्या पैकी मिळाले, सर.”

चोराच्या मनात चांदणं. मी आरसा पुसायला घेतला.

“दुखतं का?” तिने विचारलं.

थापा तयार होत्या. पण तोंडातून “हो” निघून गेलं.

“आमच्याकडे दर आठवड्याला याच दुखण्याचा वर्ग भरतो. या.”

मी गेलो, तर दाराजवळच्या सगळ्या खुर्च्या आधीच भरलेल्या. तेव्हाच पटलं, ही आपली माणसं. एक बसड्रायव्हर, बँकेतली एक बाई, एक निवृत्त मुख्याध्यापक. मी मध्यावर बसलो आणि कुणाच्या गुडघ्यांवरून उडी मारायची, याचा हिशोब करत राहिलो.

तिथे सगळं पायरीपायरीने होतं. कशाने दुखणं भडकतं ते शोधायचं. माझ्या बाबतीत चहा निघाला, म्हणजे निम्मा संसारच गेला. कळ आली की लगेच धावायचं नाही, थोडं थोडं लांबवायचं. दुखणं उसळलं तर आधी काय, मग काय, तेही ठरलेलं. आणि ओटीपोटाचे स्नायू सैल सोडायचे; ते शिकवायला माझीच विद्यार्थिनी.

“सोडा, सर.”

“सोडलेत.”

“नाही, आवळलेत. ब्रेकवर पाय ठेवून गाडी चालवताय तुम्ही.”

हे वाक्य मी आजवर प्रत्येक शिकाऊ माणसावर खेकसलोय. मुख्याध्यापक मनापासून हसले.

दुखणं गेलं नाही, पण त्याच्याशी बोलणी सुरू झाली. मग गृहपाठ मिळाला: घरातल्या एका माणसाला खरं सांगा. मी सोपं माणूस निवडलं. बायको म्हणाली, “अहो, मला काय दिसत नाही? लेकीला सांगा.”

लेकीला फोन केला. दवाखाना, पेट्रोल पंप, पूल, सगळं सांगितलं.

“बाबा, मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलात. बाळ बघायलासुद्धा येत नाही म्हणून.”

मला रडू आलं. माझी अब्रू झाकायला मी लेकीला पोरकं केलं होतं.

रविवारी निघालो. पूल ओलांडला, ठरलेल्या ठिकाणी थांबलो, एकदा न ठरलेल्या ठिकाणीही थांबलो. बायकोने प्रत्येक वेळी गाडीतच बसून “मला नाही जायचं” म्हटलं.

लेकीने दार उघडलं. बाळ कडेवर. “बाबा, आधी डावीकडचं दार,” ती म्हणाली. “बाळ कुठे जात नाही.”

पोटात कळ होतीच. “आधी बाळ दे,” मी म्हटलं, आणि श्वास सोडला, शिकवल्यासारखा. बाळाने माझा चष्मा ओढला. तेवढ्यात बायको आम्हाला बाजूला सारून डावीकडच्या दारात शिरली आणि आतून कडी लावली.

मी बाळ घेऊन तिथेच उभा राहिलो, दुखऱ्या पोटाने, पाय न आवळता.