गुरम्मांचा नेम

महानंदा आडाच्या कठड्यावर पोटावर वाकून गळ फिरवत होती. दोर तिच्या हातातून सैल सुटायचा, खाली लोखंडी आकडे दगडाला घासल्याचा आवाज यायचा, मग ती दोराचा वेढा मनगटाला देऊन हळूच वर उचलायची. वर यायचा तो कधी गाळाचा गोळा, कधी कुजक्या सुंभाचा तुकडा. पाणी इतकं खाली गेलं होतं की त्यात आभाळ ताटलीएवढं दिसत होतं.

मागं ओसरीच्या पायरीवर तिच्या सासूबाई, गुरम्मा, उजवा हात छातीशी धरून बसल्या होत्या. तो हात सकाळपासून तिथून हलला नव्हता.

गळाचं काम महानंदाला नवं नव्हतं. त्या घरात काहीही पडलं, अडकलं, रुतलं की हाक तिलाच यायची. नवऱ्याच्या दुकानाच्या किल्ल्या आडात पडल्या, तिनं काढल्या. सासूबाईंच्या बोटात रुतलेली अंगठी साबणाचा फेस करून तिनंच उतरवली. मागच्या खोलीतल्या भाडेकरणीचं दार वाऱ्यानं आदळून आतून कडी लागली, तेव्हा झरोक्यातून काठी घालून तिनं ती अलगद उचलली होती. शिरूर अनंतपाळला माहेरी शेतात विहीर होती. तिथं घागर बुडाली की वडील तिच्या कमरेला दोर बांधून तिला खाली सोडायचे आणि वरून सांगायचे, डोळे मिट आणि पायानं शोध, पाण्यात डोळ्यांचं काही चालत नाही.

पण आज जे पडलं होतं ते आकड्याला लागण्यासारखं नव्हतं. सुपारीएवढ्या चांदीच्या डबीतलं गुरम्मांचं इष्टलिंग. सकाळी न्हाऊन त्या पाणी शेंदायला वाकल्या, गळ्यातला दोरा जुना झालेला, तो तुटला आणि डबी थेट खाली गेली. लहानपणी माहेरच्या स्वामींनी बांधलेलं लिंग. लग्नात, बाळंतपणात, नवऱ्याच्या मयतीतही ते अंगावेगळं झालं नव्हतं. आणि लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही, हा त्यांचा नेम.

उन्हं अंगणात उतरली होती. वैशाखातली उन्हं. गुरम्मांच्या ओठांवर पांढरी साय धरली होती. महानंदानं दोनदा आडून आडून सुचवून पाहिलं की नवं लिंग घेता येतं, स्वामी उदगीरहून आले की देतील. दोन्ही वेळा गुरम्मांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं.

जिल्हा तेव्हा नवा होता. लातूरकरांना अजून त्याचं अप्रूप होतं. कचेऱ्या भाड्याच्या जागांत थाटल्या होत्या, उस्मानाबादहून, नांदेडहून बदलून आलेले कारकून हातात वळकटी घेऊन खोल्या शोधत फिरत होते. आणि जिल्ह्यापाठोपाठ दुष्काळ आला. मांजरा आटली, गल्लीत टँकर येऊ लागला, तोही आला तर आला. ज्यांच्या घरी आड होता त्यांना लोक भाग्यवान म्हणत. गुरम्मांच्या आडाला रात्रभरात झिरपून चार-सहा बादल्या पाणी जमायचं. सकाळी ते शेंदलं की दिवसभर तळ दिसायचा.

मागची खोली त्यांनी अशाच एका कारकुनाला दिली होती. व्यंकटराव, भोकरकडचे, कलेक्टर कचेरीतले. सोबत बायको नागुबाई, पोटुशी. माणसं शांत, नीटनेटकी. गुरम्मांनी नावापलीकडे काही विचारलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी कचेरीतला कोणी दारात येऊन, सोनकांबळे इथंच राहतात का, असं विचारून गेला आणि भाडेकरू बौद्ध आहेत हे घराला कळलं.

गुरम्मा खोली सोडा म्हणाल्या नाहीत, भाडंही वाढवलं नाही. फक्त दुसऱ्या सकाळपासून त्या स्वतः आडावर उभ्या राहू लागल्या. नागुबाई घागर आणून कट्ट्याखालच्या दगडावर ठेवायची आणि मागं सरायची. गुरम्मा पाणी शेंदून वरून तिच्या घागरीत ओतायच्या. आधी तिची घागर, मग घरातलं पाणी, कारण तिच्या नवऱ्याला कचेरीची घाई. शेजारणींना याचं कौतुक वाटायचं. पोटुशी बाईला दोर ओढावा लागू नये म्हणून म्हातारी या वयात राबते, असं त्या म्हणायच्या. नागुबाईही हसून मान हलवायची. महानंदाला खरं ठाऊक होतं. नागुबाईलाही. दोघी दुपारी एकत्र बसून डाळ निवडायच्या, एकमेकींच्या पोलक्यांना हातशिलाई करायच्या, स्टोव्हची पिन तुटली तर एकमेकींकडे धावायच्या. आडाचा विषय मात्र दोघींनी कधी काढला नाही.

आज दोरा तुटला तो नागुबाईची घागर भरून झाल्यावर, घरासाठी पहिली बादली सोडताना. तेव्हापासून ती आपल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. आत जात नव्हती, पुढंही येत नव्हती.

मोंढ्यातल्या दुकानातून चंद्रप्पा आला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. महानंदाचा नवरा अंगानं भारी, चार पायऱ्या चढला तरी धाप लागणारा. त्यानं आडात वाकून पाहिलं, घाम पुसला आणि सांगितलं की गाळ काढणाऱ्या दोघांकडे जाऊन आलो. दुष्काळात सगळ्यांचेच आड खोल करायला निघालेत, उद्या संध्याकाळशिवाय कोणी येत नाही.

"उद्याला येऊ द्या," गुरम्मा म्हणाल्या.

व्यंकटराव जेवायला घरी आले होते. बायकोनं त्यांना दारातच काय ते सांगितलं. ते अंगणात दोन पावलं आले, आडापासून लांबच थांबले. भोकरला विहिरींवरच वाढलो, मी उतरू का, असं त्यांनी विचारलं. चंद्रप्पानं आईकडे पाहिलं. गुरम्मांनी जमिनीकडे पाहिलं. व्यंकटरावांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग सदऱ्याच्या बाह्या, ज्या त्यांनी वर सारल्या होत्या, पुन्हा खाली घेतल्या.

महानंदानं गळ बाजूला ठेवला. उठून पदर कमरेला खोचला, कासोटा घातला.

"मी उतरते."

"येडी का काय तू," चंद्रप्पा म्हणाला.

"शिरूरला उतरत होते की."

"तवा पोर होतीस."

शेंदायचा दोर रहाटावरून काढून तिनं कमरेला दोन वेढे दिले, गाठ स्वतः मारली, ओढून पाहिली. चंद्रप्पानं दुसरं टोक दगडी खांबाला वळसा देऊन हातात धरलं. त्याचे हात आत्तापासूनच घामानं ओले होते. महानंदानं ते पाहिलं. कठड्यावर बसून एक पाय आत सोडत ती म्हणाली,

"यांना एकट्याला आवरायचं न्हाई. व्यंकटराव, या. नागुबाई, तुमी बी काठाला या, मी आवाज दिला की त्यांना सांगा."

दोघंही जागचे हलले नाहीत. त्यांचं लक्ष तिच्याकडे नव्हतं, पायरीवर होतं.

गुरम्मांनी दोराकडे पाहिलं. मग आडात सोडलेल्या सुनेच्या पायाकडे. छातीवरचा हात पहिल्यांदा खाली आला.

"सून हाय ती माझी," त्या म्हणाल्या. "घट्ट धरा."

आत गारवा होता. भिंतीतल्या खोबणी अजून शाबूत होत्या, शेवाळ वाळून त्यांच्यावर खरबरीत साल आली होती. ती एकेका खोबणीत अंगठे रोवत उतरली. वर दोर ताणलेला होता, थरथरत नव्हता. दोघांनी धरलेला दोर वेगळा कळतो. तळाला गुडघाभर पाणी, खाली पोटरीभर गाळ. पाय पडताच सगळं पाणी ढवळून काळं झालं.

तिनं डोळे मिटले. पायाच्या बोटांनी ती गाळ चाचपू लागली. गोटे, खापऱ्या, एक वाकडा चमचा, कुणाच्या तरी काचेच्या बांगडीचा तुकडा. शिरूरच्या विहिरीत भर उन्हाळ्यात छातीएवढं पाणी असायचं. बुडी मारून घागर घेऊन वर आलं की वडील काही न बोलता तिच्या डोक्यावर पंचा टाकायचे. वडील गेले, विहीरही गेल्या साली कोरडी पडल्याचं भाऊ सांगत होता. तिला वाटलं, आपण इथं कितीही वेळ उभं राहू शकू. तिनं वर पाहिलं. उजेडाच्या गोल तुकड्यात दोन डोकी वाकली होती. उजेड मागं असल्यानं दोन्ही काळी दिसत होती. सासूबाई कोणत्या आणि नागुबाई कोणती, ते खालून कळत नव्हतं.

"लागलं का काही?" एकीनं विचारलं. आडात घुमून आवाजही ओळखू आला नाही.

भिंतीच्या कडेला, जिथं झरा यायचा तिथं, तिच्या टाचेखाली काहीतरी गोल, गुळगुळीत सरकलं. ती वाकली, खांद्यापर्यंत हात घातला. डबी मुठीत आली तेव्हा तिनं मूठ उघडूनही पाहिली नाही. पदराच्या टोकाला बांधून तिनं दोराला हिसका दिला.

ती वर आली ती चिखलानं भरलेली. व्यंकटरावांच्या तळहातांवर दोराचा लाल वळ उठला होता. चंद्रप्पा खांबाला टेकून धापा टाकत होता. महानंदानं गाठ सोडून डबी सासूबाईंच्या तळहातावर ठेवली. गुरम्मांनी ती उघडली. आतही गाळ गेला होता.

आता पाणी हवं होतं, लिंग धुवायला, पूजेला. चंद्रप्पानं बादली सोडली. वर आलं ते शाईसारखं. दुसऱ्यांदा सोडली, तेच. स्वयंपाकघरातली भांडी पालथी होती, सकाळी घरातलं पाणी भरायच्या आतच हे सगळं झालं होतं. टँकर काल येऊन गेला होता. शेजारी विचारून येतो म्हणून चंद्रप्पा चप्पल घालू लागला, पण या वेळी कोणाच्या घरी पाणी उरलेलं असणार, हे त्यालाही माहीत होतं.

नागुबाई खोलीत गेली आणि घागर कमरेवर घेऊन आली. रोजच्या दगडावर ठेवली आणि रोजच्यासारखी मागं सरली.

"सकाळी तुमीच भरलेली हाय," ती म्हणाली. "अजून तांब्या बुडवला न्हाई. हात लागला न्हाई पाण्याला."

महानंदाच्या केसांतून गाळाचं पाणी मानेवर ओघळत होतं, ते तिनं पुसलं नाही. व्यंकटराव तोंड फिरवून भिंतीवरच्या तुळशीच्या कोनाड्याकडे बघत उभे होते.

गुरम्मा बराच वेळ घागरीकडे पाहत राहिल्या. मग नागुबाईकडे. तिचं पुढं आलेलं पोट, कमरेला घागरीची ओली खूण.

"सकाळधरनं उंबऱ्यात हुभी हायेस," त्या म्हणाल्या. "तू तरी पाणी पिलीस का?"

नागुबाईनं मान हलवली. नाही.

"कामून?"

"तुमी पिला न्हाईत म्हणून."

गुरम्मांनी डाव्या तळहातावर लिंग घेतलं, कट्ट्याच्या पायरीवर हात टेकत दगडापाशी खाली आल्या, आणि हात पुढं केला.

"वत," त्या म्हणाल्या. "बेतानं वत. तुला बी उरलं पायजे."

नागुबाईनं घागर उचलून तिरपी केली. पाण्याची बारीक धार तळहातावर पडली, गाळ सुटून दगडावरून वाहू लागला, आणि खालचं काळं गुळगुळीत लिंग हळूहळू दिसू लागलं. घागर जड होती, पोट मधे येत होतं. गुरम्मांनी दुसऱ्या हातानं घागरीच्या बुडाला आधार दिला.

त्या दुपारी पूजा झाली. गुरम्मा पाणी प्यायल्या, मग नागुबाई. व्यंकटराव उशिरा कचेरीत गेले. महानंदाच्या अंगाचा गाळ वाळून भेगाळला, तो धुवायला पाणी दुसऱ्या दिवशीच मिळालं.

पुढं नळ आले, आड बुजवून चंद्रप्पानं त्यावर दुकानाचं गोदाम बांधलं. नागुबाईला मुलगी झाली, व्यंकटरावांची नांदेडला बदली झाली. महानंदाला सुना आल्या. घरात काही अडकलं, रुतलं तर आता त्या मोबाइलवरून माणूस बोलावतात. पण पहाटे जाग आली की अजून कधी कधी तिला त्या दुपारनंतरची सकाळ आठवते.

झोपेतच तिला रहाटाचा आवाज आला होता. सासूबाई उठल्या वाटतं, कालच्या उपासानंतर पुन्हा आडावर गेल्या, म्हणून ती लगबगीनं उठली. देवघराच्या दारात येऊन थबकली. गुरम्मा आत बसल्या होत्या. डाव्या तळहातावर लिंग, डोळे मिटलेले. बाहेर रहाट फिरतच होता.

पूजेला बसल्यावर त्या कोणाशी अक्षर बोलत नसत. नवरा दारात येऊन हाका मारायचा तेव्हाही नाही. महानंदा पाय न वाजवता मागं फिरली.

"महानंदा."

ती थांबली. सासूबाईंनी डोळे उघडले नव्हते.

"दोराचा पीळ सुटलाय मधी. हाताला कापतंय. तिला सांग जा, पदर गुंडाळून धर म्हणावं."