डावा काठ, उजवा काठ

मी नगरसेविका झाले तेव्हा बाबा म्हणाले, "बरं झालं. घरात खोटं बोलायला कोणीतरी हक्काचं मिळालं."

बाबा नावाडी. पूल झाला, नाव काठावर उलटी पडली, पण त्यांची नदीवरची फेरी काही सुटली नाही. रोज सकाळी काठाने चालायचं, पाणमांजरांच्या पायांचे ठसे बघायचे आणि घरी येऊन वहीत लिहायचं: बीळ कुठे, पिल्लं किती. तीस वर्षांच्या अकरा वह्या पत्र्याच्या पेटीत होत्या आणि त्यांना हात लावायची कोणाची टाप नव्हती. लहानपणी मी बिळं दाखवा म्हणून हटून बसायचे, तर म्हणायचे, "तुझ्या तोंडात तीळ भिजत नाही. जा, खेळ."

मग सभेपुढे ठराव आला. नदीचे दोन्ही काठ काँक्रीटने बांधायचे, वर फिरायला रस्ता, दिवे, बाकं. मी उठून म्हटलं, तिथे पाणमांजरं राहतात. सभागृहात हशा पिकला.

"ताई, तुम्ही पाहिलीत?" अध्यक्षांनी विचारलं.

कुठून पाहणार?

"पुरावा आणा. बिळं सापडली तर तेवढा काठ सोडून देऊ."

माणूस शब्दाचा पक्का होता. तेच आता जास्त सलतं.

बाबांकडे मागितल्या असत्या तर त्यांनी वह्या दिल्या नसत्या. म्हणून ते फेरीला गेल्यावर मी पेटी उघडली. शेवटच्या वहीत सात बिळं होती, जागांसकट: डावा काठ, पंपघराच्या समोर, डावा काठ, पायऱ्यांच्या खालच्या अंगाला. मी पानांच्या प्रती काढून फायलीला जोडल्या. बाबांचं ते वेडंवाकडं अक्षर कचेरीच्या शिक्क्याशेजारी बघून मला भरून आलं. जन्मात पहिल्यांदा त्यांचं कोणीतरी ऐकणार होतं.

पाहणीला तिघे गेले. दोन दिवसांत त्यांनी सातही जागा पालथ्या घातल्या. सगळीकडे नुसता चिखल. अहवाल वाचला गेला तेव्हा कोणी हसलंसुद्धा नाही. ठराव मंजूर झाला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. बाबांनी पेटी पुढ्यात ओढली.

"कातड्यासाठी मारायला माणसं यायची गं. वही त्यांच्या हाती लागली तर? म्हणून डावा लिहिलं की उजवा समजायचा. पहिल्या दिवसापासून तसंच लिहितोय."

"मला सांगायचं ना, बाबा!" मी किंचाळलेच.

"तू विचारलंस कुठे?"

मी तशीच अध्यक्षांकडे पळत गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, काल डावा, आज उजवा. उद्या काय सांगाल? झालेला ठराव सहा महिने उकरता येत नाही, तुम्हालाही माहीत आहे." माहीत होतं. आणि कंत्राटदाराला सहा महिने पुष्कळ होते.

मशीन आलं त्या सकाळी मी पोहोचेपर्यंत बाबा उजव्या काठावर होते. ज्या माणसाने पोटच्या पोरीला कधी एक बीळ दाखवलं नाही, तो परक्या मजुरांना धावत धावत बोटाने दाखवत होता. हे इथे, मुळांच्या आत. ते तिथे. यात पिल्लं आहेत, चार आहेत. ओरडून ओरडून त्यांचा आवाज बसला. मला त्यांना धरून घरी न्यावंसं वाटत होतं आणि मी होते तिथेच उभी होते.

मशीनवाल्याने इंजिन बंद केलं. खाली उतरून बिळाशी वाकला, बराच वेळ बघत राहिला. मग साहेबांना फोन लावला. "हो साहेब. आहेत, साहेब. बरं, साहेब."

फोन खिशात टाकून तो बाबांजवळ आला. "काका," तो हळूच म्हणाला, "हे आधी सांगायचं ना."

बाबांनी तेव्हा माझ्याकडे बोट दाखवायला हवं होतं. निदान वळून बघायला तरी. ते म्हणाले, "चुकलं माझं," आणि मशीनला वाट देऊन बाजूला झाले.