करडाचं वजन

मी एक जुना वजनकाटा आहे. गोल तबकडीचा, पाठीवर रबराची चटई असलेला. एखाद्या ऐटदार दवाखान्यात जाईन असं वाटलं होतं. नशिबात घोडेगावच्या गोरक्षदादांची करडं होती.

मित्रांनो, करडू काही एका जागी उभं राहत नाही. म्हणून आमच्याकडची रीत अशी, की आधी माणसाने एकट्याने माझ्यावर उभं राहायचं, मग करडू कवेत घेऊन, आणि माणसाचं वजन वजा करायचं. काटा पुढे सरकला की दादा म्हणत, "व्वा, अंग धरलं की लेकरानं!" मी फुगून जायचो.

पुढे दादांची मुलगी राजनंदिनी नववीत गेली. एका लग्नात कुणीतरी हसत हसत तिला "भोपळा" म्हणालं. तेव्हापासून मैत्रिणीशी भांडण झालं, की आली काट्यावर. पेपर अवघड गेला, की आली काट्यावर. दुःख कसलंही असो, उत्तर मला विचारायची. काटा पुढे गेला की तिचा डबा शेळ्यांच्या गव्हाणीत! शेळ्या माजल्या आणि पोर वाळत गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण काट्याला खोटं बोलता येत नाही आणि समजूतही घालता येत नाही.

एके दिवशी ती शाळेत चक्कर येऊन पडली. नगरच्या डॉक्टरीणबाईंनी उपचार सुरू केले आणि बजावलं, "तिचं वजन आम्ही इथं बघू. घरचा काटा उचलून ठेवा. आणि बाळा, जीव कासावीस झाला की आईला सांगायचं."

मी गोणपाटात गेलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण चुलीजवळचं बोलणं ऐकू यायचं.

"आई, आज लई रडू येतंय."

"ये, बस माझ्यापाशी."

मग कधी अर्धी भाकरी, कधी पुरती. असं वर्ष गेलं.

परवा तिने बाटलीवर वाढवलेल्या करडाला जंताचं औषध द्यायचं होतं. मात्रा वजनावर ठरते. दादा बाजारात, आणि करडू तिच्याशिवाय कुणाकडे थांबेना. तिच्या आईने, बनुबाईंनी, मला बाहेर काढलं खरं, पण जमिनीवर टेकवेनात.

"ऱ्हाऊ दे नंदे, पप्पा आल्यावर बघू."

"तू वाच, आई. मी न्हाई बघत."

नजर समोरच्या लिंबावर ठेवून ती चढली. आधी एकटी, मग करडासकट. तिने खाली पाहिलं तर? इतक्यात करडाने तिचा कान चाटला. ती खुदकन हसली आणि उतरून म्हणाली, "किती भरलं गं?"

बनुबाईंचा चेहरा उतरला.

"अगं, करडाचं!"

मग मायलेकी किती तरी वेळ हसल्या. औषध पाजून झाल्यावर राजनंदिनी म्हणाली, "आई, भूक लागली. वाढ."

मित्रांनो, मी परत गोणपाटात आहे आणि मजेत आहे. एवढंच मागतो, करडाचं वजन मला खुशाल विचारा. तुमचा दिवस कसा गेला, ते मात्र चुलीपाशी बसून आईला सांगा.